तोंडाचा वास

दोर वळणाऱ्या बाईचं निम्मं आयुष्य मागे मागे चालण्यात जातं. कमरेभोवती घायपाताचा विंचरलेला वाख गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, आणि समोरच्याने चाक फिरवायला घेतलं की बोटांतून वाख सोडत एकेक पाऊल मागे टाकत जायचं. घरामागच्या लांब पडवीत अशी सत्तर पावलं होती. गावातले टगे म्हणत, सगळं गाव पुढे गेलं, एकटी दोरवाली मागे चाललीय. दोरवाली ते हसण्यावारी नेई. मागे चालणाऱ्याचं तोंड चाकाकडे असतं, आणि चाकावर सहा वर्षं तिची धाकटी लेक उभी असे. चार पावलांवरून पोरीच्या नाकावरचा घाम दिसे, चाळिसाव्या पावलावरून नुसते दात, आणि सत्तराव्यावरून ती कंटाळलीय की नाही हे खांद्यांवरून कळे. आपल्या लेकीचं तोंड रोज इतकं बघायला दुसऱ्या कुठल्या आईला मिळतं, असं तिला मनोमन वाटे.

यंदाच्या थंडीत मात्र चाकावर नावाड्याची लेक होती.

नावाड्याची पंधरा वर्षांची, जाड मनगटांची, आणि बोलण्याच्या बाबतीत निव्वळ धोंडा. यायचं, चपला काढायच्या, "काकू, फिरवू?" एवढं विचारायचं, आणि मग दिवेलागणीपर्यंत एका चालीत फिरवत राहायचं. धाकटी गाणी म्हणे, मध्येच चाक पळवी, मध्येच सोडून देई, मग सुतात गाठ पडे आणि दोरवाली लांबून ओरडे. आता ओरडायलाही काही कारण उरलं नव्हतं.

"दोर बाकी झकास उतरतोय हं यंदा," तिचा नवरा म्हणाला. तो पडवीच्या कडेला खिळ्यांच्या फळीवर वाख विंचरत बसे, आणि मिशीत कायम धागे अडकलेले असत. "एक गाठ नाही."

"मग तिलाच दत्तक घ्या," दोरवाली म्हणाली.

नवऱ्याने फळीवरचा वाख पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतला. इतक्या वर्षांत कुठे गप्प बसावं एवढं त्याला समजलं होतं.

हे सगळं सुरू झालं सुगी संपली तेव्हा. शेतातली कामं आटोपली, पोरांच्या हाताला काही उरलं नाही, आणि एका संध्याकाळी सहा जण पडक्या वीटभट्टीवर जमले. सगळे पंधरा-सोळाचे. पैज अशी की एका श्वासात दारूचा पेला कोण रिकामा करतो. पेल्यामागून पेले झाले. वखारवाल्याच्या मुलाला फळीवर घालून इस्पितळात न्यावं लागलं, नऊ दिवस तो डोळे उघडेना. वाचला, पण अजून त्याचा डावा हात कापतो आणि बोलताना शब्द जिभेवर अडकतात. त्या सहांत धाकटी होती. ती भट्टीमागच्या चरात सापडली, ओकारीत केस भिजलेले. दोरवालीने तिला न्हाणीघरात बसवून तीन पाण्यांनी केस धुतले, आणि चौथ्या पाण्याला स्वतः रडली. पोर काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिचं गाणंही बंद झालं.

मग शाळेच्या खोलीत सगळं गाव बसलं. मोठी माणसं पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून बसली होती. पंधरा वर्षं त्याच गावात सुया टोचत आलेल्या नर्सबाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या.

"गेल्या वर्षी मी अकरा घरांत जाऊन सांगितलं, तुमचं मूल पितं," त्या म्हणाल्या. "अकराही घरांनी मला सांगितलं, आमचं नाही हो बाई, शेजारचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. ठीक आहे. मग तसंच करू. प्रत्येकाने दुसऱ्याचं कार्टं सांभाळायचं."

लोक हसले, पण बाई हसत नव्हत्या. त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. शाळा सुटली की गावातली चौदा ते सतरा वयाची प्रत्येक पोरगी, पोरगा दुसऱ्याच्या घरी जाईल, तिथलं काम शिकेल, आणि दिवेलागणीला त्या घरचं माणूस त्याला आपल्या पायांनी घरी पोचवेल. उंबऱ्यावर दोन्ही घरच्यांच्या समोर मूल "हा" करेल आणि त्याचं तोंड हुंगलं जाईल. पेरणी लागेपर्यंत हे चालेल. ज्या घराच्या देखरेखीत मूल प्यालं, त्या घराची चिठ्ठी रद्द, मूल आपल्या घरी परत. आणि जे घर मुलाला पाजेल, त्या घरात कुणाचंच मूल जाणार नाही. दुकानदाराने बिस्किटांचा रिकामा डबा दिला, त्यात मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या पडल्या आणि प्रत्येक घराने एकेक उचलली. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने घरातल्या बाटल्या नर्सबाईंसमोर शाळेमागच्या गटारात ओतल्या. दोरवालीने दोन ओतल्या. तिसरी मागच्या कोठीत जाड दोराच्या वेटोळ्यात होती. वाखाने तळव्यांना भेगा पडतात, त्यांवर दारू चोळली की जखम चिघळत नाही. हाताच्या औषधाला कोणी दारू म्हणत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

दोरवालीला चिठ्ठीत नावाड्याची मिळाली. धाकटी गेली गिरणीवालीकडे.

गिरणीवाली आणि दोरवाली एकाच वर्गात शिकलेल्या. शाळेत असताना गिरणीवालीच्या वेणीला कधी धड फीत नसे. आता नवऱ्यामागे तिने गिरणी एकटीने चालवली होती, दोन मुलगे शहरात कामाला लावले होते, आणि तिचा आवाज इंजिनावर मात करून इतका मोठा झाला होता की ती हळू बोलली तरी पलीकडच्या आळीला कळे. पहिल्या दिवशी ती धाकटीला घेऊन उंबऱ्याशी आली तेव्हा पोर केसांपासून पायांपर्यंत पांढरी झालेली होती.

"हा कर," गिरणीवाली म्हणाली.

धाकटीने हा केलं. दोरवालीने हुंगलं. ओल्या गव्हाचा वास होता.

"बरोबर आहे ना? चला," म्हणून गिरणीवाली निघून गेली. पहिल्या आठवड्यात दोरवालीला हे सगळं बरं वाटत होतं. पोर जिवंत होती, शुद्धीत होती, आणखी काय हवं.

दुसऱ्या आठवड्यात पोर बोलायला लागली. जेवताना, ताट समोर असताना, दोन महिने मुकी असलेली ती मुलगी सांगायला लागली की गिरणीचे दगड झिजतात, मग त्यांना टाकी लावावी लागते. छिन्नीने एकेक चर पुन्हा खोल करायचा. चर उथळ राहिला तर पीठ जाड येतं, जास्त खोल झाला तर करपतं. "मावशी म्हणते, दगडाचा आवाज ऐकायचा. भुकेला असला की तो वेगळाच ओरडतो."

"कोण म्हणते?"

"मावशी. गिरणीतली."

"मला बहीण असल्याचं मला माहीत नव्हतं," दोरवाली म्हणाली.

नवऱ्याला इथे गप्प बसायचं सुचायला हवं होतं, पण त्याचं तोंड घासाने अर्धंच भरलेलं होतं. "अगं, माय मरो आणि मावशी जगो," तो हसत म्हणाला, आणि बाप-लेक दोघं हसली. धाकटी हसली. सुगीपासून पहिल्यांदा. दोरवाली उठून पाण्याचा तांब्या आणायला आत गेली. पोर हसली याचा तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. तिच्या पोटात दुखलं, खरोखरच दुखलं, बरगडीच्या खाली.

पुढचे दिवस ती मागे चालताना समोर नावाड्याचीचं ठोकळ्यासारखं तोंड बघे आणि मनात हिशेब मांडे. आता धाकटी गिरणीत पोचली असेल. आता तिने केसांना फडकं बांधलं असेल. ते बांधायला तिला कोण मदत करत असेल. एकदा विचारात तिचं पाऊल चुकलं, टाच दगडावर आदळली आणि ती बसकण मारून पडली. नावाड्याचीने चाक लगेच थांबवलं. सूत तुटू दिलं नाही. धावत आली आणि काही न बोलता तिने दोरवालीच्या टाचेवर आपला ओला रुमाल दाबून धरला.

"राहू दे गं," दोरवाली म्हणाली. "फिरव तू."

एका दुपारी तिला राहवलं नाही. घरात पीठ भरपूर होतं, तरी तिने गव्हाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गिरणी गाठली. दारातूनच दिसलं. वरचा दगड उतरवून ठेवलेला होता, धाकटी त्यावर वाकून बसली होती, आणि छिन्नीचे ठोके एकसारखे पडत होते. जीभ दातांत धरलेली. जीभ दातांत धरायची सवय तिची लहानपणची, पहिली अक्षरं गिरवतानाची. चाकावर ती सवय कधी दिसली नव्हती. चाक फिरवायला जीभ दातांत धरावी लागत नाही. गिरणीवाली शेजारी उभी होती. तिने वाकून पोरीच्या पापण्यांवरचं पीठ अंगठ्याने पुसलं, इतक्या सहज, की पोरीने ठोका चुकवला नाही.

"अगं, तू?" गिरणीवालीने तिला पाहिलं. "दगड उघडा आहे. तासभर थांबावं लागेल. बस तिथे पोत्यावर."

दोरवाली आपल्याच लेकीसमोर गिऱ्हाइकासारखी पोत्यावर बसली. धाकटीने मान वर करून "आई, आलीस?" म्हटलं आणि परत खाली घातली.

"तुझी पोर हाताची फार हुशार आहे," गिरणीवाली म्हणाली, तिच्या त्या पलीकडच्या आळीला पोचणाऱ्या आवाजात. "एवढा हात मी माझ्या पोरांतसुद्धा पाहिला नाही. तुझ्याकडे नुसतं चाक फिरवत होती ती."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. वाकडं असतं तर दोरवालीला उत्तर देता आलं असतं. ती तासभर बसली, नको असलेलं पीठ घेतलं आणि उन्हात घरी आली. वाटेत नदीच्या धक्क्यावर नावाडीण भेटली, चाकावरच्या पोरीची आई. दोर ओला करून पिळत होती, दोरवालीच्याच घरचा.

"काय जादू केलीत हो माझ्या पोरीवर?" नावाडीण म्हणाली. हसत म्हणाली, पण दोर जरा जास्तच जोरात पिळत होती. "घरी आली की काकू असं म्हणाल्या आणि काकूंनी तसं केलं. माझ्याशी म्हणाल तर एवढ्या वर्षांत दहा शब्द नाही बोलली."

"माझ्याशी तर दोनच बोलते," दोरवाली म्हणाली.

"असेल. पण तुमच्याबद्दल बोलते ना."

दोरवालीला गंमत वाटली, जराशी कुत्सित गंमत. चला, आपल्यावरही कोणीतरी जळतंय. पण ते समाधान घर येईपर्यंत टिकलं नाही. नावाड्याची तिला नकोच होती. आपल्या ताटातलं दुसऱ्याने उचललं म्हणून दुसऱ्याच्या ताटातलं खाऊन भूक भागत नाही.

धाकटीला सतरावं लागलं तो रविवार होता. रविवारी अदलाबदलीला सुट्टी असे. दोरवालीने पहाटे उठून तिच्यासाठी गोंडा वळला होता, केस विंचरायच्या फणीला अडकवायचा, पिवळ्या धाग्याचा. धाकटीने तो घेतला, छान आहे म्हणाली, आणि फणीला लावलाही. मग तिने खिशातून फडक्यात बांधलेली वस्तू काढली.

"मावशीने काल दिली. बघ ना आई."

छिन्नी होती. नवी. लाकडी मूठ पोरीच्या पंजाच्या मापाने तासलेली, अंगठा बसेल तिथे खळगा. गिरणीवालीने तिचा हात कधी मोजला असेल? झोपेत? बोलता बोलता? दोरवालीने ती मूठ आपल्या पंजात धरून पाहिली. तिची बोटं त्या खळग्यात बसली नाहीत.

त्या दुपारी नवरा वाख आणायला पलीकडच्या काठावर गेला. घरात मायलेकीच उरल्या. धाकटी पायरीवर बसून छिन्नीची धार बघत होती. आणि दोरवाली कोठीत गेली, वेटोळ्यात हात घातला आणि बाटली घेऊन बाहेर आली. पुढे तिने पुष्कळदा आठवून पाहिलं, पण वेटोळ्यापासून पायरीपर्यंतच्या त्या वीस पावलांत डोक्यात काय होतं ते तिला कधी सांगता आलं नाही. हातात दोन कप होते, एवढं खरं.

"आई, हे काय?"

"तुझा वाढदिवस ना. घोटभर. आपल्याच घरात, माझ्यासोबत. चोरून प्यायचं नाही, एवढंच. मोठी झालीस तू."

"नको."

"मी देतेय ना. गिरणीत देईल का कोणी तुला असं? ती तुला अजून पोरच समजते. तोंड हुंगते रोज." रोज तोंड हुंगणारी आपणच, हे ती विसरली.

धाकटीने आईकडे पाहिलं. समोरचं माणूस काय मागतंय ते कळलेल्याची ती नजर होती. मग तिने कप उचलला आणि एका श्वासात रिकामा केला, भट्टीवर शिकली होती तसा. दोरवालीने अर्धाच प्यायला. दोघी पायरीवर बसून राहिल्या, ऊन पायांवर आलं, पोरीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि एक जुनं गाणं पुटपुटली. दोरवालीने तिच्या केसांतून बोटं फिरवली. सुगीपासून एवढं सुख तिला मिळालं नव्हतं. तिने आणखी एक कप ओतला, अर्धा पोरीला आणि अर्धा स्वतःला, मग बाटली परत वेटोळ्यात ठेवली, पोरीच्या देखत.

सोमवारी संध्याकाळी नावाड्याची चाकावर होती आणि दोरवाली एकतिसाव्या पावलावर, तेव्हा गल्लीत पळापळ झाली. पुढे दुकानदार, त्याच्या मागे गिरणीवाली. तिच्या दोन्ही हातांत धाकटी होती, पिठाने पांढरी, आणि उजव्या बाहीच्या जागी रक्त आणि चिंध्या.

"पट्ट्यात गेली बाही," गिरणीवाली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता. "शाळेतून आली ती नीट चालत होती. आल्या आल्या मी पाठमोरी होते, पोती उचलत होते. वळून बघते तर पट्ट्यावर कललेली. मी पट्टा हाताने ओढून पाडला. हाड शाबूत आहे, कातडं गेलंय. हुंग तिला. दोरवाले, हुंग तिला."

हुंगायची गरज नव्हती. दारापर्यंत वास येत होता. दोरवालीच्या कमरेचा वाख तसाच होता, आणि ती त्याच्यासकट कोठीत धावली. वेटोळ्यातली बाटली रिकामी होती. पोर शाळा सुटल्यावर आली होती, दप्तर ठेवायला. तेवढ्यात उरलेली सगळी उभ्या उभ्या संपवून गेली होती. एका श्वासात. दोरवालीने बाटली परत वेटोळ्यात खुपसली. ती हातात घेऊन बाहेर यायचं धैर्य तिला झालं नाही.

नर्सबाईंनी दंडाला पट्टी बांधली. मग गिरणीवालीच्या मनगटालाही बांधली, कारण ते तोवर सुजून टम्म झालं होतं आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. दोरवाली दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहिली. माझ्या लेकीसाठी मनगटसुद्धा हिनेच मोडायचं होतं, असं तिच्या मनात आलं. असं मनात आलं याची तिला इतकी लाज वाटली की तिने दिवा मागे सरकवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शाळेच्या खोलीत पुन्हा सगळे बाकांत कोंबून बसले. धाकटी पुढे, हात गळ्यात अडकवलेला. गिरणीवाली फळ्याच्या कडेला उभी, आरोपीसारखी.

"दारू कुठून आणलीस?" नर्सबाईंनी विचारलं.

"भट्टीवर सापडली. तेव्हाची. विटांमागे होती," धाकटी म्हणाली.

"कोणी दिली नाही?"

"नाही."

दोरवालीचा नवरा मान खाली घालून मिशीतला धागा काढत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. गिरणीवाली म्हणाली, "चूक माझी. मी आधी तोंड हुंगायला हवं होतं. पोती उचलत बसले." तिच्या गालावर पीठ होतं आणि पिठातून ओघळ गेलेला होता.

"नियम सगळ्यांना ठाऊक आहे," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनाही ते जड जात होतं. "पोर तुमच्या देखरेखीत होती. गिरणीची चिठ्ठी रद्द करावी लागेल. मुलगी आपल्या घरी राहील, आईच्या नजरेखाली."

दोरवालीला ते शब्द नीट ऐकू आले. आईच्या नजरेखाली. उद्यापासून चाकावर धाकटी. चार पावलांवरून नाकावरचा घाम, चाळीस पावलांवरून दात. त्यासाठी तिला काहीही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. पोरीने सगळं करून ठेवलं होतं. पोर खोटं बोलली होती ती आईसाठी, आणि बोलताना एकदाही आईकडे वळून पाहिलं नव्हतं. तिने डाव्या हाताने खिशात काहीतरी घट्ट धरलं होतं. कापडावरून मुठीचा आकार दिसत होता. छिन्नी होती.

दोरवाली उठायला गेली तर गुडघे बाकात अडकले. बाक करकरला आणि सगळ्यांनी मागे पाहिलं.

"भट्टीवरची नाही," ती म्हणाली. "माझ्या घरातली आहे. दोराच्या वेटोळ्यातली. मी ओतली नव्हती. रविवारी मीच दिली तिला, कपात. उरलेली कुठे ठेवली ते तिच्या देखत ठेवली."

"आई, गप्प बस," धाकटी म्हणाली.

"तुम्ही दिली?" नर्सबाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. "त्या चरातून उचलून आणलेल्या पोरीला? का?"

दोरवालीने चांगलं कारण शोधून पाहिलं. एकही सापडलं नाही.

"ती हिला मावशी म्हणते," ती म्हणाली. "मला सहन झालं नाही."

मागच्या बाकावर दुकानदार खुदकन हसला. मग दुसरं कोणी हसलं नाही म्हणून त्याने खोकल्याचं निमित्त केलं. नवऱ्याने मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं, तिला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. गिरणीवालीने पिठाचा हात तोंडावर नेला आणि तसाच ठेवला. दोरवालीला बसायचं होतं, पण बाकात शिरायला जागा सापडेना, तेव्हा ती उभीच राहिली.

बाकीचं लवकर झालं. गिरणीची चिठ्ठी कायम राहिली. दोरवालीच्या घरी पेरणीपर्यंत कोणाचंही मूल जाणार नाही असं ठरलं. नावाडीण लगेच उठली, तिने लेकीचं मनगट धरलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दोरवालीने ओळखलं, कारण ते तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं.

नावाड्याची जागची हलली नाही.

"तिसरा पेड राहिलाय," ती भर सभेत म्हणाली. ती एवढं मोठ्याने बोलू शकते हे गावाला ठाऊक नव्हतं. "दोन झालेत. तिसरा आजच वळायचा होता. दोन पेडांचा दोर होत नाही."

"कोणीतरी वळेल गं," नावाडीण म्हणाली.

"काकूंना चाकावर कोण?" तिने विचारलं. आई तिला दाराकडे घेऊन गेली, आणि दारात तिने मागे वळून दोरवालीकडे पाहिलं. इतके दिवस समोर असलेलं ते तोंड दोरवालीने तेव्हा नीट पाहिलं. डाव्या भुवईत एक जुनी खोक होती. सत्तर पावलं मागे जाता जाता ती तिला एकदाही दिसली नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी चाकावर नवरा उभा राहिला. त्याला चाल जमत नव्हती, चाक कधी ओढे कधी सुटे, आणि तिसऱ्या पेडात तीन गाठी पडल्या. दोरवाली ओरडली नाही. सुतळी सोडून, गाठ उकलून, पुन्हा टोकापासून मागे चालत आली. पडवीच्या कडेने जाणारे लोक क्षणभर रेंगाळत आणि पुढे जात. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. लोक तेच बघायला थांबत असतील.

"मला सांगायचं होतंस," नवरा चाकावरून म्हणाला.

"काय सांगणार होते? गिरणीवर जळते म्हणून?"

"मी हसलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

दिवेलागणीला गिरणीवाली आली. एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातात धाकटीचा हात. दोघी उंबऱ्याबाहेर थांबल्या. शेवटी गिरणीवाली म्हणाली, "उद्या लवकर पाठव. दगड बसवायचाय. एका हाताने माझ्याने होणार नाही."

"पाठवते," दोरवाली म्हणाली, आणि सवयीने लेकीपुढे वाकली. "हा कर."

"आधी तू," धाकटी म्हणाली.

गल्लीत माणसं होती. दोरवालीने इकडेतिकडे पाहिलं. मग तिने तोंड उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहून, परक्या बाईच्या देखत, आपल्या लेकीच्या तोंडावर लांब श्वास सोडला. धाकटीने डोळे मिटून हुंगलं. घाई केली नाही. वखारवाल्याच्या मुलापासून कोठीतल्या वेटोळ्यापर्यंत सगळं ती त्या एका श्वासात शोधत असावी.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मग स्वतः हा केलं.

भाजलेल्या पिठाचा वास होता, आणि मधाचा. काहीतरी गोड करून घातलं होतं तिला, दुखऱ्या हाताने हलवून हलवून. दोरवाली जळली. आतून, बरगडीखाली, अगदी पूर्वीसारखीच जळली. तरी ती वाकलेली तशीच राहिली आणि तिने आणखी एकदा हुंगलं, कारण दारूचा वास नव्हता.